हॉटेलच्या जेवणातल्या कॅलरी ‘वर 20 टक्के’ धरून कळत नाहीत

“हॉटेलने कॅलरी छापल्या नसतील, तर अ‍ॅपमध्ये त्याच पदार्थाचा घरगुती पाककृतीचा आकडा शोधा आणि त्यावर 20 टक्के वाढवा, याहून चांगले काही करता येत नाही, आणि उरलेल्या चुका महिनाभरात एकमेकींना भरून काढतात,” असा सल्ला समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. सोपा असल्यामुळे तो लगेच पटतो, पण त्यातल्या तिन्ही विधानांपैकी एकही तपासणीत टिकत नाही.

आधी 20 टक्क्यांचे पाहू. घरच्या आणि हॉटेलच्या जेवणातला फरक सगळ्या घटकांत सारखा विभागलेला नसतो; तो मुख्यतः वाढलेल्या पदार्थाच्या वजनात आणि त्यातल्या तेल, लोणी, साय यांत असतो. 1 ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून सुमारे 4 कॅलरी मिळतात, तर 1 ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9. परतलेल्या भाताचे उदाहरण घ्या. 300 ग्रॅम शिजलेल्या भाताच्या साधारण 390 कॅलरी होतात आणि घरी त्यात एक टेबलस्पून तेल घातले, तर बेरीज 510 च्या आसपास जाते. त्यावर 20 टक्के म्हणजे 102 कॅलरी. हॉटेलच्या कढईत तेल एकच टेबलस्पून जास्त पडले, तरी सुमारे 120 कॅलरी वाढतात, आणि ते तेल दाण्यादाण्याला लागलेले असल्यामुळे नजरेला जाणवतही नाही. भाताच्या वजनात 50 ग्रॅमची चूक झाली, तर मात्र फरक 65 कॅलरींचाच पडतो. उलट, उकडलेले अंडे हॉटेलातही उकडलेले अंडेच असते. तिथे 20 टक्के वाढवण्याला काहीच आधार नाही.

‘याहून चांगले काही करता येत नाही’ हे विधान तर मला सर्वांत घातक वाटते, कारण ते माणसाला ताटाकडे नीट पाहण्यापासूनच परावृत्त करते. पदार्थाचे घटक वेगळे करून प्रत्येकाचा अंदाज घेता येतो. पार्सल आणले असेल, तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करता येते. सॉस किंवा ड्रेसिंग वेगळे मागता येते. पदार्थ तळला आहे की भाजला आहे, वरून लोणी सोडले आहे का, हे वाढणाऱ्याला विचारता येते. अ‍ॅपमधली नोंद निवडताना ती कच्च्या वजनाची आहे की शिजलेल्या, हेही पाहावे लागते, कारण 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 360 कॅलरी असतात आणि तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात 130. एवढे केल्यावर एकच आकडा लिहिण्याऐवजी ‘600 ते 800’ असा पल्ला लिहावा. तो अधिक प्रामाणिक असतो. छापील आकड्यांकडूनही नेमकेपणाची अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेत 269 पदार्थ प्रयोगशाळेत तपासून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छापील आकडे सरासरीने बरोबर निघाले, पण 19 टक्के नमुन्यांत सांगितल्यापेक्षा किमान 100 कॅलरी जास्त आढळल्या.

राहिला चुका एकमेकींना भरून काढण्याचा मुद्दा. चुका दोन्ही बाजूंना सारख्याच होत असतील, तरच हे घडते. फास्ट फूडच्या ग्राहकांवरील 2013 च्या एका अभ्यासात प्रौढांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सरासरी 175 कॅलरींनी कमी निघाला, आणि जेवण जितके मोठे तितकी ही तूट वाढत गेली. एकाच दिशेला झुकलेल्या चुका महिनाभरात साचतच जातात.

या सल्ल्याचा आणखी एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. अ‍ॅपमध्ये 20 टक्के वाढवायचे म्हणून लोक बहुधा ‘एका’ वाढपाच्या जागी ‘1.2’ टाकतात, आणि त्यासरशी कर्बोदकांचा आकडाही 20 टक्क्यांनी वाढतो. प्रत्यक्षात हॉटेलात वाढलेले असते ते पुष्कळदा फक्त तेल. कर्बोदके मोजून इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्या व्यक्तीने या फुगलेल्या आकड्यावर विसंबून इंजेक्शन घेतले, तर मात्रा गरजेपेक्षा जास्त होऊन रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून अशा व्यक्तीने भात, ब्रेड, बटाटा आणि साखर यांचा अंदाज वजनावरून स्वतंत्र घ्यावा, आणि तेलाची भर स्निग्ध पदार्थांच्या खात्यातच घालावी.