एजंटची निगा कशी राखावी

जून उजाडला की कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत, सायबर चौकात आणि विद्यापीठाच्या आजूबाजूला पोरं बॅगा घेऊन फिरायला लागतात. विजेच्या खांबावर 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी आणि खाली मोबाईल नंबर. तो नंबर घरमालकाचा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी अजून बरंच जग बघायचं राहिलंय. तो नंबर एजंटचा. आणि एजंट हा फार नाजूक जीव आहे. कमिशन हातात पडेपर्यंत तो टवटवीत असतो, दिवसातून तीनदा स्वतःहून फोन करतो, गाडीवर मागं बसवून चार रूम दाखवतो, वर चहा पाजतो. किल्ली दिली की मात्र त्याला फोनची रिंग सोसत नाही. म्हणून त्याची निगा कशी राखावी, हे नव्या पोरापोरींना कुणीतरी सांगायलाच हवं.

पैसे रोख द्या. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि एक महिन्याचं कमिशन, तिन्ही एकाच गठ्ठ्यात. यूपीआयनं दिलं तर तारीख, रक्कम, नाव सगळं कायमचं राहतं, उगाच त्याच्या मनाला लागतं. पावती मागू नका. चहा पाजलाय त्यानं तुम्हाला, पावती कसली मागताय? डिपॉझिट मालकाकडं पोचलं का, हेही विचारू नका. अकरा महिन्यांनी मालक म्हणेल एजंटला विचारा, एजंट म्हणेल मालकाला विचारा, तेवढीच दोघांची ख्यालीखुशाली तुमच्यामार्फत एकमेकांना कळेल.

आता करार. एजंट म्हणेल, "अकरा महिन्याचंच हाय, रजिस्टर कशाला? पाचशेच्या बाँडवर नोटरी करून टाकू की." टाका करून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायचा नुसता परवाना, तेसुद्धा लेखी आणि नोंदलेलं असलं पाहिजे, नोंदवायची जबाबदारी मालकाची, नोंदवलं नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्यात लिहिलंय. अकरा महिन्यांना सूट आहे असं कुठं लिहिलेलं नाही. पण असलं वाचून डोळे खराब होतात. शिवाय खर्च बघा केवढा! भाडं ८,००० आणि डिपॉझिट ३०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं झालं ८८,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज धरायचं, ते २,७५०. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशे-तीनशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. काम ऑनलाईन, आधार आणि अंगठा. एवढा डोंगराएवढा खर्च वाचवून एजंट तुमच्याकडून 'अग्रीमेंट चार्ज' म्हणून दोन-अडीच हजारच घेतो, हा त्याचा मोठेपणा.

'रूम सोडताना पेंटिंगपोटी एक महिन्याचं भाडं कापले जाईल' ही ओळ वाचू नका. वाचलीत तर 'आत येताना पेंटिंग कुठं केलं होतं?' असा प्रश्न पडतो.

राहायला जाल त्या दिवशी फोटो काढू नका. भिंतीच्या चिरा, अर्धी तुटलेली कडी, बेसिनचा तडा, फॅनचा रेग्युलेटर, गॅलरीची काच, यातलं काहीही मोबाईलमध्ये तारखेसकट ठेवलं आणि त्याच दिवशी एजंटला पाठवलं, तर पुढच्या मे महिन्यात हे सगळं तुमच्या नावावर खपवताना त्याची फार पंचाईत होते. मीटरचं रीडिंग टिपणं तर त्याहून वाईट. तीन रूमला मिळून महावितरणचा एकच मीटर, आत सबमीटर, आणि युनिटला सरसकट बारा रुपये, ही व्यवस्था विश्वासावर चाललेली असते. घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतो, पहिल्या शंभर युनिटला एक, पुढं तीनशेपर्यंत दुसरा, आणि तीन रूमचा वापर एका मीटरवर गोळा झाला की सगळेच वरच्या टप्प्यात जातात, हे कुणाच्या डोक्यात यायला नको. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मिळाला तर खरं बिल महावितरणच्या ॲपवर दिसतं. म्हणून तो मिळत नाही.

टाकीची मोटर सकाळी सहाला कोण सुरू करणार, हा प्रश्न एजंटला विचारू नये, तो तेव्हा झोपलेला असतो.

मालकाचा नंबर मागू नका. "मालक पुण्याला असत्यात, त्यांना डिस्टर्ब केलेलं चालत नाही." बरोबर आहे. दाराखालून घरफाळ्याचं बिल सरकवलेलं दिसलं तर बघू नका, त्यावर मालकाचं नाव असतं. लाईट बिलावरही असतं. करार नोंदवलेला असला तर त्यावर पत्तासुद्धा असतो, म्हणून तर नोंदवायचा नसतो.

आता छत गळणं. बाथरूमच्या छताला आधी पिवळट डाग येतो, मग रंगाला फुगे, मग थेंब. थेंब दिसला की आरडाओरडा करायचा नाही, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा. दोन निळ्या टिका येतात. चार तासांनी अंगठा येतो. अंगठा आला म्हणजे काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी "बघतो की". तिसऱ्या दिवशी "मालकास्नी सांगितलंय". चौथ्या दिवशी "प्लंबर गांधीनगरला साईटवर हाय, उद्या येतोय बघा". काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं कोल्हापुरात यायला जवळपास दहा वर्षं गेली आणि २०२३ च्या दिवाळीत ते आलं. त्या मानानं शेजारचं गांधीनगर जवळ आहे, धीर धरा.

तोवर पुस्तकं बाजूला ठेवून गळतीचा अभ्यास करा. सकाळी सहा ते नऊ वरच्या मजल्यावर अंघोळी चालतात. थेंब तेव्हा वाढत असेल आणि दुपारी मंदावत असेल, तर दोष सांडपाण्याच्या बाजूला, म्हणजे नहाणी ट्रॅपच्या (मोरीतलं पाणी जायच्या जाळीखालच्या वाटीच्या) भोवतीच्या सांध्यात किंवा फरशीच्या फटींत. दिवसरात्र एकाच वेगानं पडत असेल तर भिंतीतला नळाचा नाहीतर गिझरचा पाईप. रात्री वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, सकाळपर्यंत थेंब थांबला किंवा निम्म्यावर आला तर पाईपच. खात्री करायची तर किराणा दुकानातला जिलेबीचा रंग पाण्यात कालवून वरच्यांच्या नहाणीत ओता आणि खाली पांढरा मग ठेवा. केशरी थेंब पडला की निदान पक्कं. रंग तासाभरात उतरेल असं नाही. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो, तो आधी पोटभर पाणी पितो आणि मग सावकाश सोडतो. त्यामुळं एखादा दिवसही जातो. ("वरची पोरं तर गावाला गेल्यात, मग पाणी कुठलं?" हा एजंटचा लाडका सवाल. त्याचं उत्तर कोबा. पण हे त्याला सांगायला तो फोन उचलायला हवा.)

नवव्या दिवशी प्लंबर आला तर हुरळू नका. तो वर जातच नाही. तुमच्याच स्टुलावर चढतो, तुमच्या छताला खालून पांढरं सिमेंट फासतो, फोटो काढतो आणि जातो. फोटो मालकाला पोचतो, 'काम झालं' म्हणून, बिलासकट. पाणी येतंय वरनं आणि बुजवलंय खालनं! ते पाणी काय परत टाकीत चढून जाणार आहे? ते आडवं पसरतं, भिंतीत उतरतं, वायरिंगच्या पाईपातून बोर्डापर्यंत येतं. मग गिझरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट झाला की वीज तोडणारा खटका, पडायला लागतो आणि एजंट म्हणतो, "पोरं लोड जास्त टाकत्यात." अरे, लोड कसला? बोर्डात ओल आहे! ओल्या बोर्डाचं बटण ओल्या हातानं दाबायचं, आणि त्याच्याखाली अंघोळ करायची! एमसीबी पडतोय म्हणून निदान कळतंय तरी. तो वर करून वर चिकटपट्टी लावायला सांगणारी माणसंसुद्धा आहेत या गावात. आणि आत स्लॅबची सळई गंजते. गंजली की फुगते, फुगली की प्लास्टर सुटतं आणि खपली पडते, ती डोक्यात पडणार का बादलीत हे खालच्याच्या नशिबावर.

खरी दुरुस्ती वरनंच होते. वरच्या नहाणीभोवतीची फरशी फोडायची, जुना ट्रॅप काढून नवा बसवायचा, भोवतीनं वॉटरप्रूफिंगचं केमिकल घातलेलं सिमेंट ठासून भरायचं, ते धरलं की फरशी बसवायच्या आधी ट्रॅपला बोळा मारून चोवीस तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली बघायचं. कोरडं राहिलं तरच फरशी. खालच्या छताला पुट्टी लगेच लावायची नाही, पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर पंधरा दिवसांत पापुद्रे. एक गवंडी, एक प्लंबर आणि दोन-चार दिवस. बस्स. अठरा दिवस झाले! अठरा दिवस बाथरूममध्ये बादली, रात्री थेंबाचा टक-टक आवाज, आणि त्यावर अंगठा पाठवतोय!

असो. सल्ला चालला होता.

एजंट फोन उचलत नसेल तर मित्राच्या नंबरवरून लावा आणि "टू बीएचके बघतोय, फॅमिलीसाठी, बजेटचं काय नाही" एवढंच म्हणा. अर्ध्या रिंगेत उचलतो. त्याचा मोबाईल नादुरुस्त आहे ही अफवा खोटी ठरते. मात्र पुढं 'गळती' हा शब्द उच्चारला की रेंज जाते.

त्याला लेखी काही देऊ नका. तारीख घालून, काय गळतंय, कधीपासून, कुणाला किती वेळा कळवलं हे एका पानावर लिहून, फोटो जोडून मालकाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं पाठवलं आणि पोच जपून ठेवली, की तोंडी बोलण्यातली सगळी गोडी जाते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्ये तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वजा करावा अशी सोय आहे, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण तुम्ही लिव्ह अँड लायसन्सवाले, तुम्हाला लगेच ऐकवतील की तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. म्हणून ही ओळ सही करायच्या आधी करारात घालून घ्यायची असते: स्लॅब, प्लंबिंग आणि वायरिंगची दुरुस्ती मालकाकडं, लेखी कळवल्यापासून सात दिवसांत, नाहीतर बिल दाखवून भाड्यातून वजा. आता हे उपरोधानं कसं सांगायचं ते सुचेना, तेव्हा सरळच घ्या. घालून घ्या ती ओळ. एजंट "असलं कुणी लिहीत नाही" म्हणाला तर ती रूम सोडा, दुसरी बघा.

आणि एजंटसाहेब, तुमच्याशीही आता सरळच बोलू. एक महिन्याचं भाडं कशाचं घेता तुम्ही? कुलूप उघडून दाखवल्याचं? अकरा महिन्यांनी त्याच पोराकडून त्याच रूमचं परत अर्धं कमिशन घेता, ते कशाचं? मालकाचा नंबर देत नाही म्हणजे मधली जबाबदारी तुम्ही घेतलीय. मग घ्या की ती. नाहीतर नंबर द्या आणि बाजूला व्हा. दोन्हीकडून पैसे आणि दोन्हीकडून हात वर, हे चालायचं नाही. चंदगड, आजरा, राधानगरीहून पोरं येतात, बापानं उसाचं बिल जमा झाल्यावर डिपॉझिट भरलेलं असतं. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं समाजासमाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगांची रांग लावली, त्या गावात परीक्षेच्या तोंडावर पोरं बाथरूममध्ये बादल्या बदलत बसतात आणि तुम्ही रविवारी सकाळी आठला न सांगता दार वाजवून पुढच्या गिऱ्हाईकाला हीच रूम दाखवायला आणता! तेव्हा बरा वेळ मिळतो. गिऱ्हाईक बाथरूममध्ये डोकावलं तर दिवा लावत नाही, तेही बघितलंय.

मालकांनो, तुम्हीही फोटो बघून गप्प बसू नका. पांढऱ्या सिमेंटचे पैसे दिलेत तुम्ही, स्लॅब तुमचाच सडतोय.

वरच्या मजल्याची किल्ली एजंटकडंच आहे. उद्या सकाळी गवंडी आणि प्लंबर दोघांना घेऊन या, नवा ट्रॅप आणा, नऊच्या आत या, कारण नंतर पोरं कॉलेजला जातात. आणि ती पांढऱ्या सिमेंटची पिशवी घरीच ठेवा.