नुसती नळी बदलून 2ए1 होत नाही

नमस्कार. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या 2ए1 या रायफलीचं मी कौतुक केलं होतं, त्यावर ‘ईशापूरची 2ए1 म्हणजे जुन्या थ्री नॉट थ्रीला 7.62 ची नळी बसवलेली. इस्रायलने माउझरचं तेच केलं. मग एवढं कौतुक कशाला?’ असं तुम्ही विचारलंत. कौतुक मी मागे घेत नाही. का, ते सांगतो.

इस्रायलचं उदाहरण चांगलं दिलंत, पण ते तुमच्याच मुद्द्याच्या विरोधात जातं. त्या माउझर या जर्मन रायफलीचं मूळ काडतूस 7.92 बाय 57 (नळीचा व्यास बाय पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये). बूड जवळपास 12 मिलिमीटर, बाहेर आलेली कड नाही. नाटोच्या 7.62 बाय 51 चं बूडही तेवढंच. त्यामुळे बोल्टचं (काडतुसामागे चेंबर बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंड तेच चाललं, एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडाही तोच. काडतूस उलट आखूडच झालं. तिथे मुख्य काम नळीचंच होतं.

आता थ्री नॉट थ्रीचं काडतूस घ्या. बुडाला बाहेर आलेली कड, तिचा व्यास 13.7 मिलिमीटर. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, कुठवर शिरायचं ते ही कड ठरवते. 7.62 ला अशी कड नाही, बुडाजवळ खाच आहे आणि ते अडतं पुढे, खांद्यावर. म्हणजे एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याला खाचेतलं बारीक बूड पकडता आलं पाहिजे, नाहीतर पुंगळी चेंबरमध्येच राहील. मॅगझिनही मूळचं चालत नाही, कारण ते कडेच्या काडतुसासाठी पुढे वळवलेलं असतं. 2ए1 चं मॅगझिन शेजारी ठेवून बघा: सरळ, चौकोनी पेटीसारखं, 12 गोळ्यांचं. वेगळं आहे ते एका नजरेत कळतं.

तरी माझ्या मते खरा प्रश्न दाबाचा आहे. युरोपच्या सी.आय.पी. मानकात थ्री नॉट थ्रीची कमाल मर्यादा 365 मेगापास्कल आहे, तर 7.62 च्याच घडणीच्या .308 या नागरी काडतुसाची 415. माउझरचे लॉकिंग लग (बोल्ट जागी अडकवणारे खुंटे) बोल्टच्या पुढच्या टोकाला, चेंबरलगत असतात. ली-एन्फील्डचे, म्हणजे थ्री नॉट थ्री रायफलीचे, मागे. बार उडाला की धक्का अख्ख्या बोल्टमधून मागे जातो आणि रिसिव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर, ताण येतो. 1907 च्या आराखड्यावर हा वाढीव भार टाकायचा तर पोलाद सुधारायलाच हवं होतं. ईशापूरने रिसिव्हर आणि बोल्टसाठी तेच केलं. 2ए (2ए1 ची आधीची आवृत्ती) आणि 2ए1 नव्याने घडवलेल्या रायफली आहेत, भंगारातून उचललेल्या नव्हेत. दस्त्याजवळच्या लोखंडी पट्ट्यावर उजवीकडे 7.62 आणि बनवल्याचं वर्ष ठोकलेलं असतं, ते जरूर बघा.

हे झालं 1960 च्या दशकात. 1962 च्या युद्धानंतर हत्यारांची निकड होती, एस.एल.आर. ही सैन्याची नवी स्वयंभरण रायफल यायला लागली होती आणि दोन्हींना एकच काडतूस चालणं ही मोठी सोय होती. घाईच्या काळातही कारखान्याने सोपी वाट धरली नाही, म्हणून मला त्या कारागिरांविषयी आदर आहे.

खरंखुरं रूपांतर ईशापूरने केलं ते .410 मस्केटचं. थ्री नॉट थ्रीची नळी आतून गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला आणि एकेक काडतूस भरायची बंदूक पहारेकऱ्यांच्या हाती दिली. ‘जुन्याचं नवं केलं’ हे तुमचं म्हणणं तिला चपखल लागू पडतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, घरच्या परवान्याच्या .315 रायफलीला एखाद्या कारागिराकडून दुसरी नळी बसवून घेता येईल का? नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार रूपांतर करणाऱ्याकडे त्या कामाचा परवाना लागतो, आणि वर सांगितलेल्या दाबाचा पहिला फटका बोल्टमागे असलेल्या चेहऱ्याला बसतो. कृपया या फंदात पडू नका.