शीळ घालता येते का?

चूक सर्वस्वी माझी होती. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपल्यावर निरोपाच्या गीताचे पहिले कडवे चालू असतानाच जो दाराबाहेर पडतो तो सुटतो आणि जो भक्तिभावाने शेवटच्या कडव्यापर्यंत उभा राहतो तो कोणत्या ना कोणत्या समितीवर जातो, हा धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजाचा, अलिखित नियम मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही त्या रविवारी मी थांबलो, कारण माझ्या चष्म्याचे घर पुढच्या बाकाखाली घसरले होते. ते शोधून मी वर पाहतो तो समोर फादर उभे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते ठेवणीतले हसू, जे एखादी जागा रिकामी झाल्याशिवाय बाहेर निघत नाही.

"तुम्ही मुलांमध्ये फार छान रमता," ते म्हणाले.

या विधानाला आधार एवढाच होता की नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत एका अनोळखी बाळाने माझा चष्मा ओढून काढला होता आणि मी ओरडलो नव्हतो. ओरडलो नव्हतो, कारण त्या क्षणी माझ्या तोंडात ख्रिस्तप्रसाद होता. पण हे फादरांना सांगण्याच्या आतच त्यांनी कामाची रूपरेषा मांडली. 31 जानेवारी हा संत डॉन बॉस्को यांचा सण. त्याआधीचे चार रविवार मिस्सेनंतर मुलांना एकत्र बसवायचे, संतांची गोष्ट सांगायची, थोडे खेळ घ्यायचे. एकच तर तास. जगातील सर्व मोठी संकटे 'एकच तर तास' या शब्दांनी सुरू होतात असे माझे मत आहे.

मी पेशाने हिशेबनीस. काम अंगावर आले की मी आधी वही उघडतो. धर्मग्रामाच्या कपाटातून संतांचे एक जाडजूड चरित्र मिळवले आणि डाव्या पानावर संतांचे गुण, उजव्या पानावर माझे, अशी दोन खाती मांडली. डावे पान भराभर भरत गेले. जोव्हान्नी बॉस्को, जन्म 16 ऑगस्ट 1815, उत्तर इटलीतील बेक्की नावाची वाडी. दोन वर्षांचा होण्याआधीच वडील वारले. नवव्या वर्षी स्वप्न पडले की शिवीगाळ आणि मारामारी करणाऱ्या मुलांच्या घोळक्यात आपण मुठी आवळून शिरलो आहोत आणि कोणीतरी सांगते आहे की यांना माराने नव्हे, मायेने जिंकायचे आहे. उजव्या पानावर मी 'आरडाओरडा सहन होत नाही' एवढे लिहिले आणि उरलेली जागा भविष्यासाठी मोकळी ठेवली.

पहिल्या रविवारी संतांच्या बालपणापासून आरंभ केला. लहानगा जोव्हान्नी जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बारकाईने पाहून ते स्वतः शिकला होता आणि दोन झाडांना दोर बांधून त्यावरून चालून दाखवीत असे. पाहायला येणाऱ्यांकडून तो पैसे घेत नसे, जपमाळेची प्रार्थना हेच तिकीट असे, आणि वर सकाळी चर्चमध्ये ऐकलेले प्रवचनही तो त्यांना पुन्हा ऐकवीत असे. ही युक्ती मला विलक्षण आवडली. दोरावर चालणे माझ्या गुडघ्यांना मानवणारे नव्हते, म्हणून मी तीन चेंडू हवेत झेलण्याचा सराव आठवडाभर घरी केला. पत्नीने फक्त फुलदाणी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मतभेद व्यक्त करण्याची ही तिची पद्धत आहे.

मुलांनी प्रार्थनेचे तिकीट प्रामाणिकपणे भरले. मी पहिला चेंडू उडवला, दुसरा उडवला, आणि तिसरा उडवण्याच्या सुमारास पहिला माझ्या कपाळावर उतरला. टाळ्या इतक्या पडल्या की दोरावरच्या बॉस्कोलाही पडल्या नसतील. मागच्या रांगेतील एका मुलाने उभे राहून विचारले की, खेळ फसला असेल तर प्रार्थना परत मिळतात का. या प्रश्नाला धर्मशिक्षणाच्या पुस्तकात उत्तर नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड निघाला. "अंकल, ते डॉन होते, मग त्यांची गँग होती का?" मी समजावून सांगितले की इटलीत धर्मगुरूंच्या नावाआधी 'डॉन' हा आदरार्थी शब्द लावतात आणि त्याचा पिस्तुलाशी काही संबंध नाही. सभागृहात निराशेची लाट पसरली. ती थोपवण्यासाठी मी घाईघाईने सांगून टाकले की त्यांच्यावर मारेकरी मात्र चालून येत आणि अशा वेळी ग्रिजो नावाचा एक दांडगा करडा कुत्रा कुठूनसा प्रकट होऊन त्यांचे रक्षण करी. बस्स. तिथून पुढे संत मागे पडला आणि कुत्रा पुढे आला. ग्रिजो काय खात असे, तो मेल्यावर स्वर्गात गेला का, गेला असेल तर त्याला संत का केले नाही, या विषयांवर उरलेली चाळीस मिनिटे गेली.

पण खरा घात दुसऱ्या रविवारी झाला, कारण त्या दिवशी मी गारेल्लीची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मला मनापासून आवडते आणि आजही मी तिला दोष देणार नाही. 8 डिसेंबर 1841, निष्कलंक मातेचा सण. त्याच वर्षी जूनमध्ये गुरुदीक्षा मिळालेले डॉन बॉस्को तुरीन शहरातील संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चर्चच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे मिस्सेच्या तयारीच्या खोलीत, मिस्सेसाठी वस्त्रे चढवीत होते. तेवढ्यात एक कळकट पोरगा आत डोकावला. मिस्सेला वेदीवर मदत करणारा सेवक हवाच होता, म्हणून साक्रिस्टनने, म्हणजे त्या खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने, त्याला विचारले, "सेवा करता येते का?" मुलगा म्हणाला, नाही. मग इथे काय करतोस, असे म्हणत साक्रिस्टनने पिसांच्या झाडणीच्या दांड्याने त्याला बडवून बाहेर काढले. डॉन बॉस्कोंनी त्याला अडवले, तो माझा मित्र आहे असे सांगितले आणि मुलाला परत बोलवायला लावले. मिस्सा झाल्यावर ते त्याच्याशी बोलत बसले. नाव बार्तोलोमेओ गारेल्ली, वय सोळा, आईवडील नाहीत, गवंडीकाम करून पोट भरणारा. वाचता येते? नाही. लिहिता? नाही. गाता? नाही. "मग शीळ घालता येते का?" आणि तो मुलगा हसला. पुढे जगभर पसरलेल्या त्या सगळ्या शाळा, वसतिगृहे आणि कार्यशाळा यांची सुरुवात याच भेटीपासून झाली, असे डॉन बॉस्को मानीत.

सांगताना माझा स्वतःचाच कंठ दाटून आला, म्हणून मी क्षणभर थांबलो. त्या क्षणभराच्या शांततेत एका मुलाने शीळ घातली. मग दुसऱ्याने. ज्यांना येत नव्हती त्यांना येणाऱ्यांनी शिकवायला घेतले. परस्पर सहकार्याचे एवढे उत्कट दर्शन आमच्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीतही मला कधी घडलेले नाही. तास संपेपर्यंत जवळजवळ सत्तर मुलांना शीळ येऊ लागली होती आणि एका चिमुरडीला, जिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते, ती सर्वांत मोठ्याने येत होती. मी "शांत राहा" असे ओरडत रांगांमधून फिरत होतो. हातात नकाशा दाखवण्यासाठी घेतलेली पट्टी होती. तीच पट्टी मी बाकावर आपटली, आणि भिंतीवरच्या तसबिरीतून डॉन बॉस्को माझ्याकडे पाहात असलेले दिसले. गोष्टीतील दोन मोठ्या माणसांपैकी मी कोणता, हे हिशेबनिसाला वेगळे सांगावे लागत नाही. घरी येऊन मी वहीच्या उजव्या पानावर तशी नोंद केली.

तिसऱ्या रविवारी आमची हकालपट्टी झाली. सभागृहाच्या शेजारच्या खोलीत गायकवृंदाचा सराव चाले आणि आमच्या शिळांमुळे त्यांचा दुसरा स्वर तिसऱ्या स्वरात मिसळतो अशी लेखी तक्रार गेली होती. आम्ही गॅलरीत गेलो, तर खाली जपमाळ करणाऱ्या वृद्ध भगिनींच्या ध्यानात व्यत्यय आला. आम्ही मागच्या अंगणात गेलो, तर तिथे सिस्टरांनी निगुतीने वाढवलेले गुलाब होते. शेवटी वाहने उभी करण्याच्या जागेत, दोन मोटारींच्या मधल्या पट्ट्यात, आमचे संतचरित्र पुढे सरकू लागले.

चरित्रात या प्रकरणापाशी येईपर्यंत मी स्वतःला अभागी समजत होतो. पुस्तकाने मला माझ्या जागी आणून बसवले. डॉन बॉस्कोंचा मुलांचा तांडा 1845 च्या सुमारास तुरीनमध्ये अक्षरशः दारोदार फिरत होता. एका दफनभूमीच्या चर्चमध्ये ते गेले, तर तिथल्या धर्मगुरूंच्या घरचे काम पाहणाऱ्या बाई चवताळून उठल्या. गिरण्यांजवळच्या चर्चमध्ये गेले, तर गिरणीवाल्यांनी गोंगाटाची तक्रार केली. भाड्याच्या खोल्यांमध्ये गेले, तर इतर भाडेकरू वैतागले. एक कुरण मिळाले, तर मालकाचे म्हणणे पडले की मुलांनी गवताची मुळेसुद्धा तुडवून टाकली. पोलिसांची त्यांच्यावर नजर होती, आणि स्नेहीजनांना तर त्यांच्या डोक्याविषयीच शंका येऊ लागली होती. दोन सद्गृहस्थ धर्मगुरू त्यांना फिरायला नेण्याचे निमित्त करून बग्गी घेऊन आले. मनसुबा त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पोहोचवण्याचा होता. डॉन बॉस्कोंनी ते ओळखले, अत्यंत अदबीने त्या दोघांना आधी आत बसवले, दार लावून घेतले आणि गाडीवानाला इस्पितळाकडे दौडत जायला सांगितले. तिथे त्या दोघांनी आपण वेडे नसल्याचे कसे पटवून दिले असेल, या विचाराने मी रात्री झोपेत हसलो, असे पत्नीचे म्हणणे आहे.

त्यांना अखेर 12 एप्रिल 1846 रोजी, ईस्टरच्या रविवारी, वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची पडवी मिळाली. तिचे छत इतके ठेंगणे होते की पुढे महाधर्मगुरू तिथे आले तेव्हा त्यांचा उंच किरीट आढ्याला टेकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉन बॉस्कोंची वृद्ध आई मार्गारिता गावचे घर सोडून या मुलांची आई व्हायला आली. चरित्रातील सर्वांत अधिक माझ्या जवळची व्यक्ती हीच. मुलांनी लढाई-लढाई खेळताना तिचा भाजीचा वाफा भुईसपाट केला, धुतलेले कपडे चिखलात लोळवले, तेव्हा एके दिवशी ती मुलाला म्हणाली की आता मला घरी जाऊ दे. त्याने उत्तर न देता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवले आणि ती पुन्हा कामाला लागली. मीही चौथ्या रविवारच्या आदल्या रात्री पत्नीला म्हणालो की मी उद्या फादरांना नकार कळवणार आहे. तिने क्रूसाकडे नव्हे, घड्याळाकडे बोट दाखवले आणि दिवा मालवला.

चौथ्या रविवारचे फार सांगण्यासारखे नाही. खाऊ म्हणून मी बिस्किटे आणली होती, माणशी दोन या हिशेबाने, सत्तर मुलांची एकशे चाळीस. चरित्रात 1849 च्या चेस्टनटांची हकिकत आहे: उकडलेले चेस्टनट थोडे, मुले शेकडो, पण डॉन बॉस्को प्रत्येकाची टोपी भरीत राहिले आणि टोपली काही रिती होईना. माझ्याकडे नेमके उलट घडले. बिस्किटे भरपूर होती, आणि अर्ध्याच मुलांना वाटून झाली तोवर संपली. हिशेब तीन वेळा तपासला. ताळा चौथ्या रांगेतील चार खिशांमध्ये जुळला.

मग 31 जानेवारी उजाडला. सायंकाळी मुलांची खास मिस्सा होती. डॉन बॉस्को 1888 साली याच तारखेला पहाटे निवर्तले आणि 1934 च्या ईस्टरला पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले, एवढे तरी माझी मुले विचारल्याबरोबर सांगू शकत होती, आणि त्या बळावर मी काहीशा ऐटीत पहिल्या रांगेच्या कडेला बसलो होतो. मुले पांढऱ्या कपड्यांत, केस चोपून बसवलेली, हात जोडलेली. शुभवर्तमानाचे वाचन झाले. फादर प्रवचनाला उभे राहिले. आमचे फादर वक्ते म्हणून नावाजलेले आहेत; वाक्याच्या टोकाशी श्रोत्यांना ताटकळत ठेवण्याची कला त्यांना साधलेली आहे.

त्यांनी गारेल्लीची गोष्ट निवडली.

मला ते 'सॅक्रिस्टी' शब्दावरच कळून चुकले. मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. त्यांना वाटले मी भारावून गेलो आहे. वाचता येते का, झाले. लिहिता येते का, झाले. मी जपमाळेचे मणी भराभर ओढू लागलो. गाता येते का. मग फादरांनी दोन्ही हात पसरले, आवाज अगदी हळू केला, सगळ्या मुलांवरून प्रेमळ दृष्टी फिरवली आणि विचारले, "शीळ घालता येते का?"

आणि ते थांबले.

सत्तर मुलांनी उत्तर दिले. आवाज छतापर्यंत गेला, तिथून परतला, आणि परतताना त्यात दात पडलेल्या चिमुरडीची शीळ वेगळी ऐकू येत होती. वेदीवर मेणबत्ती धरून उभा असलेला मोठा वेदीसेवक दोन बोटे तोंडात घालून सामील झाला, त्यामुळे मेणबत्ती गालिच्यावर पडली. मागच्या बाकांवरील एक आजोबा गाडी आली असे समजून उठून उभे राहिले. फादर हात पसरलेल्या स्थितीतच होते. मी वाकून, जणू चष्म्याचे घरच शोधत आहे अशा बेताने, बाजूच्या दाराने सॅक्रिस्टीत शिरलो.

आत आमचे साक्रिस्टन पिसांची झाडणी घेऊन फुलदाणीच्या कपाटापाशी उभे होते. वेदीवरून माघारी बोलावलेला तो मोठा वेदीसेवक कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. बाहेर श्रद्धेची घोषणा सुरू झाली होती आणि अर्पणासाठी पाणी व द्राक्षारस नेऊन देणारे कोणी उरले नव्हते. साक्रिस्टननी मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळले.

"तुम्हाला सेवा करता येते का?" त्यांनी विचारले.

मी झाडणीकडे पाहिले, दार किती दूर आहे याचा अंदाज घेतला, आणि "नाही" म्हणालो.