सहकर्जदार काका

गेल्या आठवड्यात एका बँकेच्या शाखेत माझ्या शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर विचार चालू असताना माझ्या लग्नाचा विषय निघाला, आणि त्या विषयावर दोन अनोळखी गृहस्थांचे तत्काळ एकमत झाले. त्यांतील एक बँकेचे अधिकारी होते. दुसरे गृहस्थ कोण होते, हे त्या क्षणी फक्त मला आणि त्यांना स्वतःला ठाऊक होते. मला मात्र ते सांगू दिले जात नव्हते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मी बेळगावात वडगावला राहते. बी.कॉम. झाले आहे आणि तीन वर्षांच्या एलएल.बी.ला लागणाऱ्या ४५ टक्क्यांहून बरेच अधिक गुण माझ्यापाशी आहेत. ज्या महाविद्यालयात मला जायचे आहे ते हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाला जोडलेले आहे. वडील उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहेत, त्यामुळे फी एकरकमी भरणे आमच्या घराला शक्य नाही. सल्ला देणारे सगळे एकमुखाने सांगतात की पैशाचे नियोजन प्रवेशाआधीच करून ठेवावे. मी ते मनावर घेतले, आणि म्हणूनच आज ठामपणे सांगू शकते की प्रवेशाआधी पैशाचे नियोजन करता येत नाही. बँकेला आधी प्रवेशाचे पत्र हवे असते. महाविद्यालय प्रवेशाचे पत्र फी भरल्यावर देते. फी भरण्यासाठी कर्ज हवे असते आणि कर्जासाठी, पुन्हा, पत्र. सरकारी शिष्यवृत्तीचे तर याहून निराळे आहे: ती फी भरून झाल्यावर, महाविद्यालयाने ऑनलाइन पडताळणी केल्यावर, आधारशी जोडलेल्या खात्यात यथावकाश येते. म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत, त्यालाच पैसे नसल्याबद्दलची मदत सुखाने घेता येते.

योजनांचा अभ्यास मी कसून केला, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. नाडकचेरीतून जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढला. आम्ही मराठा, म्हणजे कर्नाटकात मागासवर्गीयांतील प्रवर्ग ३ ब. राज्य सरकारच्या विद्यासिरी योजनेत दहा महिने दरमहा ठरावीक रक्कम मिळते, पण ती घर सोडून बाहेरगावी शिकणाऱ्याला, आणि माझे महाविद्यालय दुर्दैवाने आमच्याच शहरात आहे. रयत विद्यानिधीत कायद्याच्या विद्यार्थिनीला वर्षाला ८,००० रुपये आहेत, पण ते शेतकऱ्याच्या मुलीला. पुढे त्या योजनेत विणकरांच्या मुलांनाही घेतले, हे वाचून मला आजोबांची फार आठवण झाली, कारण आजोबा शहापूरच्या साड्या विणत असत. वडिलांनी मात्र हातमागात पोट भरत नाही म्हणून फाउंड्रीचा रस्ता धरला आणि एका पिढीच्या फरकाने माझी पात्रता घालवली. केंद्राची २०२४ साली मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, तिच्यात तारण नाही, जामीन नाही, सारे काही गोड आहे. फक्त ती देशातील निवडक संस्थांसाठी आहे आणि माझ्या महाविद्यालयाची निवड करण्याचे कोणाला सुचलेले नाही.

महाराष्ट्राकडे मागावे, असेही कोणी कोणी सुचवले. आमच्या भागातील ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो आणि कर्नाटक त्यांतील एकही सोडायला तयार नाही. दोन राज्यांनी इतक्या अटीतटीने मागितलेला दुसरा मुलूख देशात विरळाच असेल, पण आमच्या फीची पावती पुढे केली की दोघांच्याही हक्काची भाषा एकदम सौम्य होते. या वादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मी कायदा शिकून, सनद घेऊन, कोट शिवून तयार होईपर्यंतही तो तिथेच असेल, असा माझा अंदाज आहे, आणि माझ्या व्यवसायाच्या भवितव्याबद्दल बँकेला देण्याजोगा तेवढाच एक भक्कम पुरावा माझ्याजवळ होता. तो मागितला गेला नाही.

तर बँक. कर्ज विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक काका येऊन बसले. डोक्यावर गांधी टोपी, मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, आणि पिशवीत पासबुक, आधार कार्ड, जमिनीच्या उताऱ्यांच्या झेरॉक्स व, का कोण जाणे, दोन लिंबे. त्यांनी प्रथम माझे गाव विचारले. वडगाव म्हटल्यावर “वडगावात कुणाची?” असे विचारले. मी गल्ली सांगितली, तेव्हा त्या गल्लीत त्यांच्या साडूंची एक चुलत बहीण दिली आहे असे निष्पन्न झाले आणि आमचे नाते, निदान त्यांच्या बाजूने, कायम झाले.

“लोन कशाला गं पोरी?”

“वकिलीच्या शिक्षणाला.”

एवढे बोलल्यावर काकांचा चेहरा असा उजळला की मला पुढचे सारे दिसू लागले. त्यांच्या चुलतभावाने त्यांचा बांध कोरला होता. दरवर्षी नांगरटीला तो एकेक वीत आत येतो, मोजणीवाला आला की आजारी पडतो, आणि पंचांसमोर देवाची शपथ घेतो, पण कुठल्या देवाची ते सांगत नाही. हे सगळे त्यांनी पिशवीतील एका लिंबाला स्वतःची जमीन आणि दुसऱ्याला चुलतभावाची जमीन कल्पून मला समजावले. मग आवाज खाली आणून विचारले, “बांध कोरला तर कलम कुठलं लागतंय?”

“काका, माझा अजून प्रवेशसुद्धा झालेला नाही.”

“मग काय झालं? कलम काय तुझ्या ॲडमिशनसाठी थांबलंय व्हय?”

यावर उत्तर मला अजूनही सुचलेले नाही.

काका बँकेत आले होते ते वीस रुपयांसाठी. त्यांच्या खात्यातून जूनमध्ये वीस रुपये कापले गेले होते आणि ते कोणी, कोणाच्या परवानगीने कापले, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. ते पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेच्या हप्त्याचे असणार, अपघातात मृत्यू आल्यास दोन लाख मिळतात, असे मी सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले की दोन लाख आपल्याला नकोत, मरायचेही नाही, वीस रुपये तेवढे परत मिळावेत. मला माझे नाव पुकारल्याचे ऐकू आले. मी उठले, आणि माझ्याबरोबर काकाही उठले.

ते का उठले, हे विचारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे एक माणूस साहेबांपुढे गेला की शेजारचा माणूस सोबत जातो. अधिकाऱ्यांपुढे दोन खुर्च्या होत्या. मी एकीवर बसले, काकांनी दुसरी घेतली, पिशवी टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी माझी फाइल चाळली, मान वर केली, आणि माझ्यावरून नजर सरळ पुढे नेऊन काकांना विचारले, “मुलगी लॉ करणार म्हणते?”

“म्हणते खरं,” काका म्हणाले.

“साहेब, हे माझे,” मी सुरुवात केली.

“एक मिनिट थांबा, मॅडम. फादरशी बोलतोय.”

“नाही, पण हे—”

“सांगतो नं. तुमचंच काम चाललंय.” आणि पुन्हा काकांकडे वळून: “लग्नाचं काय?”

काकांनी खोल श्वास घेतला. “करायचं की साहेब. पोरीचं लग्न कधीतरी करायलाच पाहिजे.”

“मग हप्ते कोण भरणार?”

“तोच तर प्रश्न हाय,” असे म्हणून काकांनी माझ्याकडे इतक्या काळजीने पाहिले की क्षणभर मलाही माझ्या लग्नाचा घोर लागला. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. मग त्यांनी, अर्थात काकांनाच, समजावून सांगितले की वकिलांना कर्ज द्यायचे म्हटले की वरचे लोक जरा दहा वेळा विचार करतात. हप्ता थकला की इतर लोकांना नोटीस पाठवता येते. वकिलाला पाठवली की उलटटपाली त्याचीच नोटीस येते. काका यावर मनापासून हसले. मी अजून वकील झालेले नाही, वकील होण्यासाठीच कर्ज मागते आहे, आणि तरीही भावी नोटिसांचा ठपका माझ्यावर आगाऊ बसला होता. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही, आणि शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ते सुरू होत नाहीत, हे सर्व मी पाठ करून गेले होते. ते बोलण्यासाठी मी तोंड उघडले, तोच अधिकाऱ्यांनी विचारले, “जमीन आहे?”

“चार एकर,” काका म्हणाले. “दीड एकरात ऊस, बाकीत भात आणि बटाटा. बांधावरनं जरा भानगड हाय, पण उतारा माझ्या नावावर हाय.” आणि त्यांनी उतारा काढून दाखवला. त्याबरोबर एक लिंबू घरंगळत कीबोर्डपाशी गेले; अधिकाऱ्यांनी ते अदबीने परत दिले. त्यांच्या आवाजात एकदम आपलेपणा आला. शिपायाला चहा आणायला सांगितले गेले. काकांचे आधार कार्ड मागून घेण्यात आले आणि, मला पडद्यावर स्पष्ट दिसत होते, सहकर्जदाराच्या रकान्यात ते एकेक अक्षर भरले जाऊ लागले. “साहेब, हे माझे वडील नाहीत,” हे वाक्य मी याच सुमारास पूर्ण केले. परंतु त्याच वेळी चहा आल्यामुळे ते ऐकले गेले नाही. चहा दोन कप होता.

“मुलीचं पूर्ण नाव सांगा,” अधिकारी म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. “काय गं तुझं नाव?”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. असा गुन्हा त्यांच्या सेवाकाळात प्रथमच घडत असावा. “मग तुम्ही कशासाठी आलाय?” त्यांनी काकांना विचारले. काकांनी वीस रुपयांचा इतिहास सांगितला. तो त्यांनी पूर्ण ऐकून घेतला, विमा बंद करण्याचा अर्ज स्वतः लिहून दिला, आणि वर, एवढा चांगला उतारा असताना किसान क्रेडिट कार्ड का काढले नाही, म्हणून प्रेमाने रागावले. मला सांगितले की वडिलांना घेऊन या.

आता यात बँकेचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. शैक्षणिक कर्जात आईवडील सहकर्जदार असतात हा नियम आहे आणि तो मला माहीत होता. मी त्या दिवशी गेले होते ते कागद बघून घ्या, उणे काय ते सांगा, म्हणजे वडिलांना एकदाच यावे लागेल, एवढ्याच विनंतीसाठी. फाउंड्रीत अर्धा दिवस गेला तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो, आणि ज्यांचा पगार जाण्याजोगा नाही त्यांच्याचकडे बँक “सहज एकदा येऊन जा” म्हणते. माझे वय चोवीस आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे सज्ञान, शहाण्या माणसाला करार करता येतो. मी सज्ञान आहे. शहाणपणाची तपासणी कोणी केली नाही. एका अनोळखी माणसाचा होकार चार एकर उताऱ्यासह ताबडतोब ग्राह्य धरला गेला, आणि जिच्या नावाने अर्ज होता तिला, माझ्याच फाइलवर बोट ठेवून, मध्येच बोलू नका असे सांगण्यात आले.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले. परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करावी असा करार झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील रामजी वारले होते. आमच्या शाखेत तो अर्ज आला असता तर फादरला घेऊन या, एवढ्याच शेऱ्यावर परत गेला असता. आमच्या अधिकाऱ्यांना हे सांगावे, असे मला फार वाटले होते, पण त्यांना वाटले असते की मी कर्जाबरोबर आता साडेअकरा पौंडही मागते आहे.

वडील परवा आले. साहेबांना हातावरचे काळे दिसू नये म्हणून त्यांनी आदल्या रात्री हात रॉकेलने घासले होते, ते मला आवडले नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. अधिकारी जेवून येईपर्यंत ती संपली. आल्यावर त्यांनी वडिलांकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, पुन्हा वडिलांकडे पाहिले आणि म्हणाले, “पण त्या दिवशी फादर वेगळे होते.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी सारे सांगितले. अधिकाऱ्यांना ते आठवलेही, पण पडद्यावरचा रकाना भरलेला होता आणि तो रिकामा करायचा अधिकार त्यांच्या पातळीवर नव्हता. तेव्हा जुना अर्ज रद्द करण्यासाठी एक अर्ज, त्यानंतर नवा अर्ज, आणि नव्याला सगळ्या कागदांच्या झेरॉक्स नव्याने जोडायच्या आहेत. उत्पन्नाच्या दाखल्याची मूळ प्रतही दाखवायची आहे. वडिलांनी आधार कार्ड पुढे केले, त्यावरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहण्यात आला, आणि मग अगदी सहज विचारण्यात आले:

“शेती नाही ना तुमच्याकडं?”