खुलासा: एनव्हिडिया 90 टक्के ‘बुडाला’ नाही

सोलापुरातल्या ग्रुपांवर एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीच्या शेअरबद्दलचा एक जुना स्क्रीनशॉट पुन्हा फिरतोय: ‘एनव्हिडिया 1200 डॉलरवरून थेट 120 वर, एआयचा फुगा फुटला, असेल ते विका.’ नवी पेठेत चहा पिताना एकाने मलाही मोबाइल नाकासमोर धरून दाखवला. आकडे खरे, अर्थ साफ चुकीचा. कंपनीने 22 मे 2024 ला एका शेअरचे दहा करायचं जाहीर केलं आणि 10 जूनपासून भाव त्या हिशेबाने दिसू लागला. कडक भाकरीचे दहा तुकडे केले म्हणून भाकरी घटते होय? ज्याच्याकडे 1 होता, त्याच्याकडे 10 झाले. धंदा म्हणाल, तर 22 मेलाच निकाल जाहीर झालेल्या तिमाहीत विक्री 26 अब्ज डॉलर, पैकी 22.6 अब्ज एकट्या डेटा सेंटरचे, म्हणजे मोठ्या संगणक-केंद्रांना विकलेल्या मालाचे; आणि त्यातला मोठा वाटा मोजक्या बड्या कंपन्याच घेतात. काळजी करायचीच तर या मोजक्या ग्राहकांवरच्या भिस्तीची करा.