बोरन्हाण आणि एक पॉइंट आठ

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. पूर्वजांनी ही सवलत बहुधा माझ्यासारख्या बापांसाठीच ठेवली असावी. आमच्या लेकीचं पहिलं बोरन्हाण दोनदा पुढे गेलं. सासूबाईंना आम्ही "पाहुण्यांना जमत नाहीये" असं सांगितलं. खरं म्हणजे माझी लेन्स ठरत नव्हती.

माझ्याकडे निकॉनचा डी३२०० आहे, लग्नाआधी गडकिल्ले हिंडायचो तेव्हाचा. त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स राजमाचीला उत्तम होती. (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा, तितकं समोरचं जवळ दिसतं आणि चौकटीत कमी मावतं.) राजमाची हलत नाही. लेक हलते. डोंबिवलीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात झूम केलं, की ही लेन्स ५.६च्या पुढे उघडायला तयार नसते. उघडण्याचा हा आकडा उलटा चालतो: आकडा लहान, तर भोक मोठं आणि उजेड जास्त. मग शटर रेंगाळतं आणि फोटोत पोरगी अष्टभुजा येते. फ्लॅश मारावा, तर आई म्हणते, "बाळाच्या डोळ्यांवर विजा पाडू नकोस रे."

१.८ची लेन्स घेतली तर ५.६च्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो, हे गणित मी बायकोला कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद नीट वाचला आणि विचारलं, "आणि दहापट उजेडाचा बल्ब केवढ्याला येतो?"

मी मावसभावाला फोन केला. तो लग्नांचे फोटो काढतो. "डोळे मिटून पंच्याऐंशी घे," म्हणाला. त्याचं काय जातं? त्याला हॉल मिळतो तो मंगल कार्यालयाचा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे लेन्सवरच्या आकड्याला दीडने गुणायचं. ८५ची झाली १२७. तेवढ्या लेन्सने पाटावरचं बाळ आणि शेजारच्या दोन आज्या एका फोटोत घ्यायच्या, तर मला समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांशी ओळख वाढवावी लागली असती.

उरल्या दोन, ३५ आणि ५०. दुकानात जाण्याआधी घरीच तालीम करावी म्हणून मी जुनी लेन्स आळीपाळीने त्या आकड्यांवर ठेवून पाहिली. बाळ झोपलं होतं, म्हणून पाटावर पाच लिटरचा कुकर ठेवला आणि त्याला टोपडं घातलं. पन्नासवर कुकर गोजिरवाणा दिसला. पण आज्यांच्या जागी दोन डबे ठेवल्यावर चौदा फूट मागे सरकावं लागलं, म्हणजे स्वयंपाकघरात, पाठ सिंकला. पस्तीसवर सगळं कुटुंब मावलं. मात्र नुसता चेहरा घ्यायला अगदी जवळ गेलो, तर कुकर मागे राहिला आणि शिट्टी तेवढी पुढे आली. आमच्या घराण्यात शिट्टी मुळातच पुढे आहे. तिला लेन्सची मदत नको, म्हणून पन्नास ठरली.

एका शनिवारी लोकल पकडून बोरा बाजार गाठला. सीएसएमटीच्या जवळचा हा भाग कॅमेरेवाल्यांचा. तिथल्या एका काउंटरवर बरीच स्वस्त, वापरलेली पन्नास दिसली, ‘डी’ खुणेची. मी पाकिटाला हात घालणार, तेवढ्यात काउंटरमागच्या काकांनी अडवलं. "साहेब, हिला फोकसची मोटर बॉडीतली लागते. तुमच्या बॉडीत ती नाही. फोकस हाताने फिरवावा लागेल. बाळ रांगतं का?"

"रांगतं? सुटतं!"

"मग ‘जी’ घ्या."

‘जी’च्या पोटात स्वतःची मोटर असते. तिची किंमत ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तरी घेतली. पिशवी हातात देताना काका म्हणाले, "पोरांचे फोटो दोन पॉइंट आठ किंवा चारवर काढा. एक पॉइंट आठवर एका मीटरवरून जेमतेम इंचभर जागा शार्प येते. डोळा आला तर कान जातो."

पटलं मला. पण पैसे एक पॉइंट आठचे मोजलेले. फोटो चारवर काढायचे, तर घरची लेन्स काय वाईट होती? थाळीचे पैसे देऊन नुसता वरणभात खाणाऱ्यांपैकी मी नाही.

रथसप्तमीला लेक काळ्या झबल्यात पाटावर बसली. बिंदी, हार, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं हलव्याचं. काळं झबलं पाहून कॅमेऱ्याला वाटलं अंधार पडला, म्हणून त्याने उजेड वाढवला आणि हलव्याचे दाणे विरघळल्यासारखे पांढरेफटक झाले. ते निस्तरत होतो तोवर तिने बाजूबंद चाटायला घेतला. हे मात्र मी टिपलं, डाव्या डोळ्याच्या तिटीसकट. उजवा डोळा इंचाच्या पलीकडे राहिला.

मग बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे असं सगळं तिच्या डोक्यावरून ओतलं गेलं आणि बिल्डिंगमधली झाडून सगळी पोरं त्यावर तुटून पडली. मी सिंकला पाठ लावून बटण दाबत होतो. मध्ये आत्याची पाठ आली, कुणाचंसं ढुंगण आलं. "अहो, इकडे या, तुम्ही दिसतच नाही आहात," असं सासूबाई दोनदा म्हणाल्या.

रात्री तीनशे बारा फोटो टीव्हीवर लावले. त्यांतला एक मात्र खरोखर लखलखीत आला होता. हवेत अधांतरी एक बोर. त्याची प्रत्येक सुरकुती, देठाजवळचा तांबूस डाग, वरची चकाकी, काही म्हणून सुटलं नव्हतं. मागे कुठेतरी लोण्यासारखं धूसर असं आमचं कन्यारत्न.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सासूबाईंनी चष्मा सारखा केला, पुढे वाकून पाहिलं आणि बायकोला विचारलं, "बोरं कुठून आणलीस गं? चांगली दिसतायत."