हत्तीला तुम्ही गोड वाटत नाही

‘हत्तींविषयी पाच अद्भुत सत्यं’ हा मेसेज कित्येकांनी पाठवला, तेव्हा सोडून दिला. परवा भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, मग जंगलात गाडीतून उतरून हत्तीसोबत फोटो काढला तर काय झालं?” आता गप्प बसवत नाही.

पहिलाच दावा सगळ्यात घातक. कुत्र्याचं पिल्लू पाहून आपल्याला जसं वाटतं, तसंच माणूस पाहून हत्तीच्या मेंदूला वाटतं, हे म्हणे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. कोणत्या? नाव नाही, साल नाही. चार टनांचा जागा हत्ती स्कॅनच्या यंत्रात निजवला कोणी, तेवढं तरी सांगा.

खरंच जे तपासलं गेलं ते वेगळंच आहे. केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात संशोधक कॅरन मॅकोम्ब यांच्या गटाने कळपांना माणसांचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवले. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. वाक्य साधंच, ‘ते बघा, हत्ती येताहेत’ अशा अर्थाचं. पण बोलणारा मासाई जमातीचा पुरुष असला की कळप एकमेकांना चिकटून गोळा व्हायचा, सोंडा वर करून वास घ्यायचा. मासाई गुराख्यांशी पाण्यावरून, चाऱ्यावरून हत्तींचे खटके उडतात, भाले चालतात. शेती करणाऱ्या कांबा जमातीच्या पुरुषांच्या आवाजाला ते तेवढे बिचकत नसत. मासाई बायका आणि पोरांच्या आवाजालाही नाही. म्हणजे कोण बोलतंय, बाई की बाप्या, लहान की मोठा, हे ओळखून हत्ती धोक्याचा अंदाज बांधतात. पिल्लाचे लाड करणारा असा हिशोब मांडत बसतो का?

दुसरा दावा, हत्तीच्या गालावरून ओघळणारे दुःखाचे अश्रू. सोबतच्या फोटोतला ओघळ डोळ्यातून आलेलाच नाही. डोळा आणि कान यांच्या मधे ग्रंथी असते. नर माजावर आला की तिथून मद गळतो आणि त्याच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढलेलं असतं. रोजचा माहूतसुद्धा अशा हत्तीपासून जपून राहतो, आणि मेसेज सांगतो, ‘त्याला फक्त माया हवी आहे’! हत्ती मेलेल्या हत्तीची हाडं सोंडेने चाचपतात हे खरं आहे, त्यांना काहीच वाटत नाही असं मी म्हणत नाही. पण हा फोटो त्याचा पुरावा नव्हे.

तिसरा: उडी न मारणारा एकमेव प्राणी, म्हणून त्याच्यापासून पळणं सोपं. मोठा हत्ती उडी मारत नाही, मान्य. एकमेव मात्र नाही, झाडाला लटकून राहणारा स्लॉथही मारत नाही. आणि उडीचा पळण्याशी काय संबंध? वेगातही हत्तीचा एक तरी पाय जमिनीवर असतो, तरी आशियाई हत्तींचा मोजलेला वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास भरला आहे. रानातल्या दगडधोंड्यांतून तुम्ही तेवढं पळून दाखवा.

सोंड म्हणजे स्ट्रॉ, हा चौथा. सोंडेत पाणी ओढून हत्ती ते तोंडात ओततो. सोंड हे नाक आहे हो, नाकाने पाणी कोण पितं?

उरला पाचवा दावा: हत्ती म्हणे उंदराला घाबरतो. हत्ती बिचकतात ते मधमाश्यांना. केनियात संशोधक लूसी किंग यांनी शेतांभोवती तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या. तारेला धक्का लागला की पेट्या हलतात, माश्या उठतात आणि बरेच हत्ती मागे फिरतात. अद्भुतच पाठवायचं होतं तर हे होतं की!